ओस इमारती आणि बेघर माणसे : अमेरिकेतील निवारा-अनुदानाचा इतिहास

ओस पडलेली इमारत सरकारी पैशाने ताब्यात घ्यायची, तिची डागडुजी करायची आणि तिथे बेघरांची सोय लावायची, ही रीत अमेरिकेत १९३० च्या दशकातील महामंदीपासून चालत आली आहे. या कामी आलेल्या इमारती तऱ्हेतऱ्हेच्या आहेत : बंद कारखाने, मनोरुग्णालये, कवायतीची सभागृहे, एक महाविद्यालय, नौदलाचे तळ आणि अलीकडे महामार्गांवरील मोटेले. अनुदानाचे नाव, रक्कम आणि अटी दर पिढीत बदलत गेल्या. दोन गोष्टी मात्र या सगळ्या काळात टिकून राहिल्या. ज्या शहरांना पुढे निवारे उभारावे लागले, त्यांपैकी अनेकांनी स्वस्त बिऱ्हाडे आधी सरकारी धोरणानेच उठवली होती. आणि इमारतीसाठी एकरकमी पैसा मंजूर करणे सरकारला नेहमीच सोपे गेले. ती वर्षानुवर्षे चालवण्याचा खर्च मात्र कोणाच्याच अंदाजपत्रकात नीट बसला नाही.

महामंदीतील पहिला प्रयोग

१९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकी शहरांतून कामधंदा गमावलेल्या एकट्या पुरुषांचे लोंढे हिंडू लागले. धर्मादाय संस्थांची वसतिगृहे अपुरी पडली, तेव्हा नगर प्रशासनांची नजर रिकाम्या इमारतींकडे वळली. शिकागोत बंद कारखान्यांमध्ये खाटा मांडून निवारे उघडण्यात आले. एडविन सदरलँड आणि हार्वी लॉक या समाजशास्त्रज्ञांनी या निवाऱ्यांतील पुरुषांचा अभ्यास केला. तो १९३६ मध्ये ‘ट्वेंटी थाउजंड होमलेस मेन’ या नावाने प्रसिद्ध झाला. प्रश्न केवढा होता, हे त्या नावातील वीस हजारांच्या आकड्यावरूनच कळते.

त्या काळी गरिबांना मदत करण्याची जबाबदारी स्थानिक सरकारांची होती, आणि ती फक्त आपल्या हद्दीतील रहिवाशांपुरती. परगावाहून आलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी दारातूनच परत पाठवले जाई. फ्रँकलिन रूझवेल्ट सत्तेवर आल्यावर १२ मे १९३३ रोजी केंद्रीय आपत्कालीन साहाय्य कायदा झाला आणि त्यातून ५० कोटी डॉलरचा निधी उभा राहिला. त्यातील निम्मी रक्कम राज्यांनी तीन डॉलर खर्च केले की केंद्राकडून एक, या हिशेबाने द्यायची होती. भटक्या बेकारांसाठी मात्र निराळी तरतूद होती : ज्या राज्यात वास्तव्याला बारा महिने झाले नाहीत, तिथे अशा माणसाचा खर्च केंद्र उचलणार होते. या पैशातून शहरोशहरी जुनी हॉटेले आणि गोदामे भाड्याने घेऊन मुक्कामाची केंद्रे निघाली. केंद्र सरकारच्या पैशाने ओस इमारतींत निवारे काढण्याचा हा पहिला मोठा प्रयोग होता. १९३५ मध्ये सरकारने थेट मदतीऐवजी रोजगार देण्याचे धोरण स्वीकारले आणि ही केंद्रे बंद झाली. इमारती मालकांकडे परत गेल्या. मागे कायमची अशी एकही व्यवस्था उरली नाही.

दुसऱ्या महायुद्धात याच कल्पनेचा दुसरा अवतार दिसला. युद्धसामग्रीच्या कारखान्यांभोवती कामगारांना राहायला जागा मिळेना, तेव्हा सरकारी गृहकर्ज महामंडळाने खासगी मालकांकडून मोठी किंवा रिकामी घरे काही वर्षांच्या कराराने घेतली, स्वतःच्या खर्चाने त्यांत लहान बिऱ्हाडे पाडली आणि कामगारांना भाड्याने दिली. युद्ध संपले तसे हेही संपले.

स्वस्त खोल्या कशा गेल्या

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकट्या कामगाराचे घर म्हणजे बहुधा निवासी हॉटेलातील एक खोली असे. साधारण आठ बाय दहा फुटांची जागा, लोखंडी पलंग, कोपऱ्यात हात धुण्याचे भांडे, कपड्यांसाठी दोन खुंट्या. संडास आणि न्हाणी पॅसेजच्या टोकाला, सगळ्या मजल्याची मिळून. मुंबईच्या चाळीतील खोलीशी तिचे साम्य होते, मात्र बिऱ्हाड एकट्याचे असे आणि भाडे आठवड्याच्या बोलीवर. अनामत नाही, जामीन नाही, करारपत्र नाही. त्याहूनही स्वस्त सोय म्हणजे पिंजरा-हॉटेल. एका मोठ्या मजल्यावर छताला न भिडणाऱ्या लाकडी किंवा पत्र्याच्या भिंती उभारून खण पाडलेले असत आणि शेजारच्या खणातून कोणी वरून हात घालू नये म्हणून माथ्यावर तारेची जाळी ठोकलेली असे. सान फ्रान्सिस्कोत निवासी हॉटेले चालवण्याच्या धंद्यात १९४० च्या दशकापासून गुजराती स्थलांतरित उतरले. कानजीभाई देसाई हे त्यांतील आद्य मानले जातात.

या खोल्यांवर पहिला घाला आला तो १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने. बकाल वस्ती पाडून जमीन मोकळी करण्याच्या निव्वळ खर्चापैकी दोन तृतीयांश वाटा केंद्र सरकार उचलू लागले. शहरांच्या मध्यभागातील जुनी हॉटेले ‘बकाल’ ठरवणे सोपे होते. मिनियापोलिसचा गेटवे हा एकट्या, म्हाताऱ्या मजुरांचा सबंध भाग १९६० च्या आगेमागे जमीनदोस्त झाला. न्यूयॉर्कने १९५५ मध्ये अशी नवी हॉटेले बांधण्यास बंदी केली. सिएटलमध्ये मार्च १९७० मध्ये ओझार्क हॉटेलला आग लागून विसाच्या आसपास माणसे दगावली. त्यानंतर शहराने अग्निसुरक्षेचे नियम कडक केले. पाण्याचे फवारे आणि सुटकेचे जिने बसवण्याचा खर्च आठवड्याच्या भाड्यातून निघण्यासारखा नव्हता, म्हणून मालकांनी हॉटेलेच बंद केली. नियम माणसांच्या जिवासाठी होता; त्यांच्या डोक्यावरचे छप्पर त्यानेच गेले.

न्यूयॉर्कची जे-५१ ही करसवलत योजना या सगळ्यावर कडी करणारी होती. १९५५ मध्ये गरम पाण्याची सोय नसलेल्या जुन्या इमारतींची सुधारणा व्हावी म्हणून ती सुरू झाली. १९७० च्या दशकात तिची व्याप्ती वाढवून हॉटेलांचे सदनिकांत रूपांतर करणाऱ्यांनाही सवलत मिळू लागली. परिणामी स्वस्त खोल्या रिकाम्या करून महागड्या सदनिका काढणाऱ्या मालकाच्या खर्चाचा काही भार शहराच्या तिजोरीनेच उचलला. १९७० ते १९८० च्या दशकांत देशभरात अशा सुमारे दहा लाख खोल्या नाहीशा झाल्या, असा अंदाज नेहमी दिला जातो.

सान फ्रान्सिस्कोच्या कर्नी रस्त्यावरील इंटरनॅशनल हॉटेलचे प्रकरण या काळाचे प्रातिनिधिक उदाहरण ठरले. तिथे मुख्यतः वृद्ध फिलिपिनो आणि चिनी भाडेकरू राहत. इमारत पाडून जागा विकसित करायची म्हणून मालकांनी त्यांना बाहेर काढण्याचा हुकूम मिळवला. शहराचे शेरीफ रिचर्ड हाँगिस्टो यांनी तो बजावण्यास नकार दिला, तेव्हा न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल त्यांना पाच दिवस तुरुंगात जावे लागले. अखेर ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे, सुमारे तीन हजार आंदोलकांचे कडे तोडून पोलीस आत शिरले आणि त्याच शेरीफला घण हातात घेऊन खोल्यांची दारे फोडावी लागली. इमारत पाडली गेली आणि पुढची वीसहून अधिक वर्षे तो भूखंड तसाच मोकळा पडून राहिला. २००५ मध्ये त्यावर नवी इमारत उभी राहिली, ती अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी शंभराहून थोडी अधिक घरे असलेली, आणि तिच्या उभारणीत सार्वजनिक पैसा होता.

याच सुमारास मनोरुग्णालये रिकामी होत होती. १९५५ मध्ये राज्यांच्या मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. १९८० पर्यंत ती संख्या दीड लाखाच्या खाली आली. नव्या औषधांमुळे रुग्णांना समाजात ठेवून उपचार करता येतील, अशी अपेक्षा होती. १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन केनेडी यांनी वस्तीपातळीवरील मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली, पण योजलेल्या केंद्रांपैकी पुरेशी उभी राहिलीच नाहीत. बाहेर पडलेल्या अनेकांना परवडणारी जागा म्हणजे हीच हॉटेले होती, आणि तीच पाडली जात होती.

न्यूयॉर्क : न्यायालयाचा हुकूम आणि कवायतीची सभागृहे

ऑक्टोबर १९७९ मध्ये रॉबर्ट हेज या तरुण वकिलाने न्यूयॉर्क राज्य आणि शहर यांच्याविरुद्ध दावा लावला. गरजूंना मदत देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे सांगणारे राज्यघटनेचे सतरावे कलम त्याच्या युक्तिवादाचा आधार होते. डिसेंबरमध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आणि ऑगस्ट १९८१ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला : मागेल त्या बेघर पुरुषाला शहराने रात्रीचा निवारा द्यावा. ज्यांच्या नावाने हा ‘कॅलहन विरुद्ध केरी’ खटला ओळखला जातो, ते बेघर दावेदार कॅलहन हुकूमनाम्यावर सही होण्यापूर्वीच रस्त्यावर मरण पावले होते.

हुकूम पाळायचा तर तातडीने जागा हवी होती. शहराने वॉर्ड्‌स बेटावरील मनोरुग्णालयाची कीनर ही रिकामी इमारत उघडली. इथे एक चक्र पूर्ण झाले, कारण जी इमारत रुग्णांना बाहेर पाठवून ओस पडली होती, तीच आता बेघरांनी भरू लागली, आणि त्यांच्यात मनोरुग्णही होते. पाठोपाठ राज्याच्या राखीव दलाची कवायतीची सभागृहे निवाऱ्यांसाठी घेण्यात आली. फोर्ट वॉशिंग्टनच्या सभागृहात एका छताखाली सुमारे हजार खाटा लागत. मधे आडोसा नाही, दिवे रात्रभर चालू, आणि बूट चोरीला जाऊ नयेत म्हणून ते खाटेच्या पायांखाली अडकवून झोपण्याची पद्धत. कुटुंबांना मात्र खासगी हॉटेलांत ठेवले जाई आणि एकेका खोलीसाठी शहर महिन्याला हजारांच्या घरात डॉलर मोजत असे. त्या पैशात चांगले घर भाड्याने मिळाले असते; पण नियमाने तो पैसा फक्त तातडीच्या मुक्कामासाठीच वापरता येत होता.

यातून दोन नवे मार्ग निघाले. १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने बेघरांच्या घरांसाठी जागा खरेदी, दुरुस्ती आणि बांधकाम यांना भांडवली अनुदान देणारी योजना सुरू केली. राज्य पातळीवरील ही देशातील आद्य योजनांपैकी एक होती. दुसरा मार्ग शहराचा. मालमत्ता कर थकल्यामुळे हजारो ओस इमारती शहराच्या मालकीत येऊन पडल्या होत्या. महापौर एड कॉच यांनी १९८६ मध्ये दहा वर्षांची गृहनिर्माण योजना जाहीर केली. तिचा आकडा पुढे ५ अब्ज डॉलरच्या वर गेला. ब्राँक्स, हार्लेम आणि ब्रुकलिनमधील जळक्या, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या इमारती त्यातून दुरुस्त झाल्या आणि काही घरे बेघर कुटुंबांसाठी राखून ठेवण्यात आली.

वॉशिंग्टनचे उपोषण आणि १९८७ चा कायदा

केंद्र सरकारला या प्रश्नात ओढले ते राजधानीतील एका इमारतीने. कॅपिटॉल या संसद भवनापासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर फेडरल सिटी कॉलेजची जुनी इमारत रिकामी पडून होती. १९८३-८४ च्या हिवाळ्यात ती एका स्वयंसेवी गटाला तात्पुरती वापरायला मिळाली. हिवाळा संपल्यावर गटाने ती सोडण्यास नकार दिला, आणि तिची नीट दुरुस्ती करून द्यावी या मागणीसाठी मिच स्नायडर या कार्यकर्त्याने उपोषण आरंभले. एक्कावन्नाव्या दिवशी, अध्यक्षीय निवडणूक दोन दिवसांवर असताना, रोनाल्ड रेगन यांच्या सरकारने मागणी मान्य केली. दुरुस्तीचा दर्जा आणि रक्कम यांवरून पुढे बरीच वर्षे वाद आणि खटले चालले. शेवटी केंद्राच्या पैशातून सुमारे तेराशे खाटांचा निवारा तिथे उभा राहिला.

१९८६ च्या एका कायद्याने निवाऱ्यांसाठी छोट्या अनुदानाची सोय केली. मार्च १९८७ मध्ये स्नायडर, अभिनेता मार्टिन शीन आणि अमेरिकी काँग्रेसचे काही सदस्य अधिक मदतीच्या मागणीसाठी वॉशिंग्टनच्या रस्त्यावरील वाफेच्या जाळ्यांवर एक रात्र झोपले. रिपब्लिकन सदस्य स्ट्युअर्ट मॅकिनी त्या वर्षी मे महिन्यात वारले, आणि २२ जुलै १९८७ रोजी रेगन यांनी सही केलेल्या कायद्याला त्यांचे नाव मिळाले. बेघरांसाठी केंद्राने केलेला हा पहिला सर्वंकष कायदा होय. २००० मध्ये काँग्रेस सदस्य ब्रूस व्हेंटो यांचे नाव त्यात जोडले गेले.

या कायद्याखालील ‘आपत्कालीन निवारा अनुदान’ पुढच्या सगळ्या योजनांचा नमुना ठरले. पैसा राज्यांना, मोठ्या शहरांना आणि काउंट्यांना लोकसंख्या व गरज यांच्या सूत्राने मिळे. तो पुढे स्वयंसेवी संस्थांकडे जाई. इमारतीची डागडुजी, मोठी दुरुस्ती किंवा वापरबदल या खर्चाच्या मुख्य बाबी होत्या. बहुतेकांना केंद्राच्या प्रत्येक डॉलरमागे एक डॉलर स्वतःचा उभा करावा लागे. त्यात दान मिळालेली जागा आणि स्वयंसेवकांचे श्रमही मोजता येत. सरकारी पैसा घेऊन मालकाने इमारत विकू नये म्हणून मुदतीची अट होती : साधी दुरुस्ती असेल तर तीन वर्षे, मोठी दुरुस्ती किंवा वापरबदल असेल तर दहा वर्षे ती निवारा म्हणूनच चालली पाहिजे. सेवांवर किती टक्के खर्च करता येईल यावर सुरुवातीपासून मर्यादा होती, त्यामुळे भिंती रंगवून मिळत, पण रात्रपाळीचा कर्मचारी, परिचारिका किंवा समुपदेशक यांचा पगार कुठून आणायचा हा प्रश्न संस्थेच्या माथी येई.

कायद्याच्या पाचव्या प्रकरणाने आणखी एक दार उघडले. केंद्र सरकारच्या विनावापर आणि शिल्लक इमारतींवर बेघरांसाठी काम करणाऱ्यांचा पहिला हक्क मानण्यात आला. खात्यांनी अशा मालमत्तांची माहिती द्यायची, गृहनिर्माण खात्याने त्यांतील योग्य जागांची यादी जाहीर करायची आणि ठरलेल्या मुदतीत अर्ज आल्यास जागा विनामूल्य द्यायची, अशी पद्धत होती. खाती माहितीच देईनात, तेव्हा १९८८ मध्ये न्यायालयाला हुकूम काढावा लागला. यादीत येणाऱ्या बऱ्याच जागा लष्करी छावण्यांच्या आतल्या, पूररेषेतल्या किंवा वस्तीपासून दूर असत. शीतयुद्ध संपल्यावर बंद होणाऱ्या लष्करी तळांसाठी १९९४ मध्ये वेगळा कायदा झाला : तळाच्या पुनर्विकासाची स्थानिक योजना करताना बेघरांची गरज विचारात घेणे बंधनकारक झाले. कॅलिफोर्नियातील अलामेडा येथील नौदलाच्या विमानतळावर अधिकाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या जुन्या घरांतून बेघर कुटुंबांसाठी दोनशे घरांची वसाहत याच मार्गाने उभी राहिली.

निवाऱ्याकडून घराकडे

खाटांची सभागृहे भरत राहिली, पण लोक तिथून बाहेर पडून कुठे जाणार, हा प्रश्न सुटत नव्हता. त्याचे एक उत्तर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या पूर्व २४ व्या रस्त्यावर मिळाले. तीन फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी मोडकळीस आलेले निवासी हॉटेल विकत घेतले, त्याची दुरुस्ती केली आणि मानसिक आजार असलेल्या भाडेकरूंना तिथे कायमची खोली, तळमजल्यावर जेवण आणि डॉक्टरची सोय दिली. हीच पुढे ‘साहाय्यासह निवास’ या पद्धतीची सुरुवात मानली गेली.

या पद्धतीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे टाइम्स स्क्वेअर हॉटेल. १९२० च्या दशकातील ही पंधरा मजली इमारत १९८० च्या दशकाअखेर दिवाळखोरीत गेली होती. रोझॅन हॅगर्टी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने ती १९९१ मध्ये घेतली. शहराचे स्वस्त कर्ज, अल्प उत्पन्न गृहनिर्माणाची करसवलत आणि ऐतिहासिक वास्तू जतनाची करसवलत अशा तीन निधींची मोट बांधून ६५२ घरे तयार झाली. प्रत्येक खोलीला स्वतःची न्हाणी, बहुतेकांना ओट्यापुरते स्वयंपाकघर, आणि खाली जुन्या दिवाणखान्याचा संगमरवर व कठडे जसेच्या तसे राखलेले. निम्मे भाडेकरू पूर्वीचे बेघर, निम्मे अल्प पगारावर काम करणारे. भाडे उत्पन्नाच्या सुमारे तीस टक्के. जुने भाडेकरू न हलवता काम पार पाडले गेले, हे त्याचे वैशिष्ट्य.

मॅकिनी कायद्यातही अशाच विचाराची एक योजना होती : दुरुस्त केलेल्या निवासी हॉटेलांतील खोल्यांना दहा वर्षे भाडे-साहाय्य. इथे प्रथमच इमारतीच्या पैशासोबत ती चालवण्याचा पैसा बांधून दिला गेला. २००९ च्या सुधारणेने आपत्कालीन निवारा अनुदानाचे रूप पालटले. निवारा आणि रस्त्यावरील मदतकार्य यांवर साठ टक्क्यांहून अधिक खर्च करण्यास मनाई झाली आणि उरलेला पैसा बेघर होण्यापासून बचाव व त्वरित पुनर्वसन यांकडे वळला. दहा वर्षांची अट मात्र टिकून राहिली.

महासाथ, मोटेले आणि होमकी

मार्च २०२० मध्ये कोविडने खाटांच्या सभागृहांचा पायाच काढून घेतला. दोन खाटांमधील तीन फुटांचे अंतर आता संसर्गाचे अंतर झाले होते. त्याच वेळी प्रवास थांबल्याने हॉटेले आणि मोटेले ओस पडली. ३ एप्रिल रोजी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ‘प्रोजेक्ट रूमकी’ जाहीर केला : १५,००० खोल्या भाड्याने घेऊन आजारी, वृद्ध आणि जोखमीच्या बेघरांना तिथे ठेवायचे, ७५ टक्के खर्च केंद्राची आपत्ती-निवारण संस्था भरून देणार.

भाड्याच्या खोल्या आज ना उद्या सोडाव्या लागणार होत्या. म्हणून जूनअखेर राज्याने पुढचे पाऊल टाकले आणि ‘होमकी’ योजनेत मोटेले विकतच घेण्यासाठी ६० कोटी डॉलर ठेवले. त्यातील ५५ कोटी केंद्राच्या कोविड निधीतून आले होते आणि ते ३० डिसेंबर २०२० पर्यंत खर्च झालेच पाहिजेत, अशी अट होती. सहा महिन्यांत शहरांनी आणि काउंट्यांनी विकाऊ मोटेल शोधायचे, किंमत ठरवायची, तपासणी करायची आणि खरेदीखत करायचे होते. एरवी अशा कामाला लागणारा पर्यावरण-परवाना आणि भूवापर-बदल यांतून विधिमंडळाने सूट दिली, म्हणूनच हे जमले. पहिल्या फेरीत ९४ प्रकल्पांतून सुमारे ६,००० घरे मिळाली. मुदत संपायला तीन दिवस उरले असताना केंद्र सरकारने ती एका वर्षाने वाढवली.

मोटेल या कामाला सोयीचे का, हे त्याच्या रचनेतच आहे. प्रत्येक खोलीला स्वतःचा दरवाजा, न्हाणी आणि वातानुकूलन आधीच असते. उरते ते छोटा ओटा, सिंक आणि शीतकपाट बसवणे, त्यासाठी विजेची क्षमता वाढवणे, काही खोल्यांत चाकाची खुर्ची फिरेल इतकी न्हाणी रुंद करणे, फवारे आणि धूरसूचक यंत्रे बसवणे. स्वागतकक्षाच्या जागी रखवालदार आणि समाजसेवकाचे टेबल येते. अमेरिकेतील लहान मोटेलांपैकी मोठा हिस्सा गुजराती कुटुंबांच्या मालकीचा आहे. निवासी हॉटेलांपासून सुरू झालेला त्यांचा व्यवसाय अशा रीतीने पुन्हा बेघरांच्या प्रश्नाशी येऊन भिडला.

खर्चाचा फरक डोळ्यांत भरणारा होता. लॉस एंजेलिसमध्ये सार्वजनिक निधीतून बांधल्या जाणाऱ्या नव्या घराचा सरासरी खर्च पाच लाख डॉलरच्या वर गेला होता, तर होमकीतील घर सरासरी दीड लाखाच्या आसपास पडले. राज्याच्या लेखापरीक्षकांनी एप्रिल २०२४ च्या अहवालात ही योजना किफायतशीर ठरल्याचे म्हटले. बेघरांवरील एकूण २४ अब्ज डॉलर खर्चाच्या परिणामांचा राज्याने नीट मागोवा ठेवला नाही, हेही त्याच अहवालात नोंदवले. दुसऱ्या फेरीला २०२१ मध्ये १ अब्ज ४५ कोटी, तिसऱ्या फेरीला २०२३ मध्ये ७३.६ कोटी डॉलर मिळाले. कायम घरांसाठी अनुदान घेतले तर ५५ वर्षे ती जागा अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठीच राहील, अशी अट मालमत्तेवर नोंदवली जाऊ लागली.

इतर राज्यांचा अनुभव संमिश्र होता. ओरेगॉनने ‘प्रोजेक्ट टर्नकी’साठी साडेसहा कोटी डॉलर दिले. त्यातील जवळपास निम्मा पैसा सप्टेंबर २०२० च्या वणव्यांत घरे जळालेल्या भागांसाठी होता. एकोणीस मालमत्तांतून साडेआठशेच्या वर खोल्या झाल्या. न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये हॉटेलांच्या रूपांतरासाठी १० कोटी डॉलर ठेवले, पण पहिल्या वर्षात एकही रूपांतर झाले नाही. कायम निवासाच्या खोलीचे किमान माप, स्वयंपाकघर, उद्वाहन आणि भूवापर यांचे शहराचे नियम हॉटेलाच्या खोल्यांना लागू पडत नव्हते आणि कॅलिफोर्नियासारखी सूट सुरुवातीला कायद्यात नव्हती. २०२२ मध्ये नियम शिथिल करावे लागले. केंद्राने मार्च २०२१ च्या कायद्यात ५ अब्ज डॉलर दिले; त्यातून स्वतंत्र खोल्यांचे निवारे विकत घेता येतात आणि पुढे त्यांचीच कायम घरे करता येतात.

चालवण्याचा खर्च

होमकीच्या अनुदानात चालवण्याचा खर्च पहिल्या काही वर्षांपुरताच धरला होता. पहिल्या फेरीत आरोग्य क्षेत्रातील दोन मोठ्या संस्थांनी त्यासाठी साडेचार कोटी डॉलरची देणगी दिली. त्यानंतर भार काउंटीवर आला. भाडेकरूच्या उत्पन्नाच्या तीस टक्के भाड्यातून वीज-पाणीही निघत नाही, मग रखवालदार, दुरुस्ती आणि समाजसेवक दूरच राहिले. एका विकासक कंपनीचे अनेक प्रकल्प अर्धवट पडले आणि जानेवारी २०२४ मध्ये राज्याने तिच्यावर दावा लावला.

लॉस एंजेलिसच्या स्किड रो भागातील घटनेने हाच धडा अधिक ठळक केला. तिथल्या जुन्या हॉटेलांची घरे करणारी एक नामवंत विश्वस्त संस्था १९८९ पासून काम करत होती. पाइपलाइन, उद्वाहने आणि छपरे झिजली; रिकाम्या खोल्या दुरुस्तीविना पडून राहिल्या आणि भाड्याचे उत्पन्न आणखी घटले. २०२३ मध्ये संस्थेने हात टेकले आणि शहराच्या मागणीवरून न्यायालयाने तिच्या २९ इमारतींवर प्रशासक नेमला. दुरुस्तीचा खर्च शेवटी शहराच्याच अंगावर आला.

या अनुभवानंतर नव्या योजनांची मांडणी बदलू लागली. मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी अगदी निसटत्या बहुमताने ६ अब्ज ३८ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. त्यातील सुमारे दोन अब्ज डॉलर मानसिक आजार किंवा व्यसनाधीनता असलेल्या बेघरांच्या घरांसाठी आहेत आणि त्यात निम्म्याहून थोडा अधिक वाटा माजी सैनिकांचा आहे. सोबतच काउंट्यांनी मानसिक आरोग्य कराच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा निवासावर खर्च करणे बंधनकारक झाले, म्हणजे इमारतीला एकरकमी पैसा आणि ती चालवायला दरवर्षी येणारा पैसा यांची जोडी प्रथमच मोठ्या प्रमाणावर घातली गेली. जानेवारी २०२४ च्या गणनेत देशात ७,७१,४८० बेघर नोंदले गेले. त्या मानाने या सर्व योजनांतून मिळालेली घरे थोडी आहेत. होमकीच्या सुमारे अडीचशे प्रकल्पांची बेरीज पंधरा हजारांच्या वर जाते, तर त्याच गणनेत एकट्या कॅलिफोर्नियातील बेघरांची संख्या पावणेदोन लाखांहून अधिक होती.